यंत्राचे नाव

पाकीट परदेशातून आलं होतं, पण सेवकराम गुरुजींनी ते पोस्टात फोडलं नाही. निकाल आला तर ललिताबाईसमोरच उघडीन, असा शब्द त्यांनी दिला होता. ललिताबाईला जाऊन महिना होत आला होता. गुरुजी तरीही तिच्याच घराकडे निघाले. दिघोरीतली ती गल्ली काही लांब नव्हती, पायच उचलत नव्हते.

छपरीत तिचा नवरा यादोराव बिडीसाठी तेंदूची पानं कापत बसला होता. शेजारी तिचं सूप उपडं ठेवलेलं. आणि तिच्या बसायच्या जागेसमोर, सारवलेल्या भुईवर, चुन्यानं आखलेला पट तसाच होता. बारा घरं आडवी, बारा उभी, आणि त्यात बावीस चिंचोके. मागच्या सोमवारी यादोरावच्या आईनं, मनकर्णाबाईनं, छपरी सारवली ती तेवढा तुकडा सोडून.

"आला का कागद?" यादोरावनं विचारलं.

"आला."

"फोडा मंग. वाट पाहून पाहून गेली बिचारी. पोस्टमन दिसला का आवाज देत जाय."

कोडं सांगायला सोपं होतं. पटावर जास्तीत जास्त सोंगट्या ठेवायच्या, पण कोणत्याही तीन एका सरळ रेषेत यायला नकोत. आडव्या नाहीत, उभ्या नाहीत, तिरप्याही नाहीत. शहाऐंशी साली परदेशातल्या एका गणिताच्या मासिकानं त्यासाठी जगभरातून प्रोग्रॅम मागवले होते. संगणकाला क्रमानं द्यायच्या सूचना म्हणजे प्रोग्रॅम, एवढं गुरुजींना वाचून ठाऊक होतं. संगणक त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. म्हणून त्यांनी सूचना मराठीत लिहिल्या आणि संगणकाच्या जागी बसवलेल्या ललिताबाईकडून तोंडपाठ करून घेतल्या. चिंचोका ठेवा. रेषा तपासा. अडलं तर शेवटचा उचला, एक घर पुढे सरका. दिवसाच्या हजार बिड्या वळून झाल्या की बाई पटाला बसायची. अशी तीन महिने बसली. गुरुजी तिची प्रत्येक चाल वहीत उतरवून घेत. शेवटी तीच वही, सूचनांच्या इंग्रजी भाषांतरासह, त्यांनी प्रवेशिकेबरोबर पाठवली.

मध्येच ती घरंच्या घरं सोडून द्यायची. गुरुजी चिडायचे. "क्रम मोडू नका, ललिताबाई."

"कायले पाहू तिथं? तिथं फसतेच ते. मले दिसून राहिलं ना."

"दिसून भागत नाही. तपासावं लागतं."

ती हसायची, खोकायची, आणि तरी सोडायचीच.

गुरुजींनी पाकीट फोडलं. आत दोन कागद होते. पहिला निकालाचा तक्ता. आठव्या ओळीत त्यांचं नाव. दिघोरीच्या शाळेत खडू झिजवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचं नाव, अमेरिकेच्या आणि जपानच्या लोकांच्या रांगेत, छापील. ऊर भरून यायला हवा होता. आला नाही. नावापुढच्या रकान्यात होतं, भाषा: मराठी. त्याच्या पुढच्यात, यंत्र: ललिताबाई.

प्रवेशिकेवर स्पर्धकांच्या नावांसाठी दोन ओळी होत्या. नावापुढे शिक्षणही लिहायचं होतं. एका ओळीत गुरुजींनी आपलं नाव घातलं. दुसरी कोरी ठेवली. तिसरीतच शाळा सुटलेली बाई पाहून ते लोक हसतील, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे तो मान त्यांना एकट्याला हवा होता. मग खाली यंत्राच्या नावाचा रकाना आला. तो रिकामा राहिला तर प्रवेशिका बाद होणार होती. तिथं त्यांनी तिचं नाव लिहून टाकलं आणि तिला सांगितलं, "तुमचं नाव घातलं बरं का." तिनं ते गल्लीभर सांगितलं होतं.

"आलं का तिचं नाव?" यादोरावनं विचारलं.

"आलं. हे इथं."

यादोरावनं हात धोतराला पुसला आणि त्या अक्षरांवर बोट ठेवलं. बराच वेळ काढलं नाही. "अन् त्या दुसऱ्या कागदात काय लिवलं हाये?"

दुसरा कागद म्हणजे पत्र होतं. परीक्षकांनी लिहिलं होतं, हे यंत्र आमच्यापैकी कुणाच्या ऐकिवात नाही. कोणती कंपनी बनवते? तुमच्या सूचनांप्रमाणे त्यानं प्रत्येक घर तपासायला हवं होतं. तुमची वही पाहता त्यानं शेकडो घरं न तपासताच सोडली आहेत. आम्ही आमचा संगणक दोन दिवस चालवून पाहिला. सोडलेलं एकही घर कामाचं नव्हतं. असं करणारं यंत्र आम्हाला माहीत नाही. ते अजून चालू आहे का?

गुरुजींना काहीतरी गोड सांगून उठता आलं असतं. यादोरावला इंग्रजी कुठं येत होतं!

"यादोराव," ते म्हणाले, आणि त्यांची शाळेतली भाषा गळून पडली. "माझ्या हातून पाप झालं. माझ्या नावाखाली तिचं नाव लिहाले जागा होती. मी नाही लिहिलं. मशीनच्या जागी लिहिलं. ते लोक तिले मशीन समजून राहिले. इचारतेत, अजून चालू हाये का म्हणून."

कात्री यादोरावच्या हातातच होती. त्यानं एक पान कापलं, दुसरं कापलं. गुरुजींना वाटलं, आता हा आपल्याला हाकलणार. हाकललं असतं तर बरंही वाटलं असतं.

यादोराव उपड्या सुपाकडे पाहत होता. "हजार बिड्या, सयपाक, पानी, मायची दवा," तो म्हणाला. "खोकत खोकत वळे. एक दिवस बसून राय म्हटलं नाही मी तिले." त्यानं सूप सरळ केलं. "आमीबी मशीनच समजलो, गुरुजी. तुमी निदान नाव तरी लिवलं."