अकरा नंबरची बदली

मध्यंतराला तालमीचा फुटबॉल संघ अंतिम सामन्यात एका गोलाने मागे होता. मानेत बसवलेल्या संवेदकांमुळे प्रत्येक खेळाडूला इतरांच्या हालचाली स्वतःच्या अंगात जाणवत; म्हणून समोरच्यांच्या गोलाजवळच चेंडू हिसकावायला सगळे एकदम धावून जात. आज मात्र डावीकडे फट राहत होती.

"फैयाज तिथे एकटा पडतो. साथ का देत नाही त्याला?" प्रशिक्षक दिनकर मांडरे यांनी विचारले.

कर्णधाराने मान खाली घातली. "डावीकडं रणजित हाय की, वस्ताद. अंगाला तसंच वाटतंय."

"मग मी काय जत्रंला आलोय?" फैयाज चिडला.

रणजित हा दिनकरांचा मुलगा. महिन्यापूर्वी तो रस्त्यावरच्या अपघातात गेला होता; त्याच्या जागी फैयाज आज पहिल्यांदाच खेळत होता. संवेदकांत साऱ्यांच्या सवयी एकमेकींत गुंतून साठल्या होत्या; त्यातून रणजितची सवय पुसली असती, तर साऱ्या संघाचाच मेळ पुसला गेला असता. दिनकरांनी शांतपणे विचार केला. रणजित जगातून गेला होता, पण मैदानातून त्याला कोणी बाहेर बोलावलेच नव्हते.

उत्तरार्धापूर्वी त्यांनी फैयाजला रेषेबाहेर थांबवले आणि बदलीचा फलक उंच धरला. रणजितचा अकरा बाहेर, फैयाजचा सतरा आत.

"ये बाळा," ते म्हणाले. "लई पळलास."

मैदानातले दहाही जण डावीकडे वळून टाळ्या वाजवू लागले. बाहेर येणाऱ्याशी हात मिळवायच्या रिवाजाप्रमाणे फैयाजने हात पुढे केला आणि मग तो आत धावला. पहिल्याच चढाईत फट मिटली, चेंडू ताब्यात आला आणि गोल झाला.

जल्लोषातून फैयाज बाकाकडे आला. "वस्ताद, त्याचा हात घामानं भिजला हुता."

दिनकर केव्हाच सरकून बसले होते. शेजारची जागा त्यांनी मोकळी ठेवली होती.