चोविसावं मशीन

"दुरुस्ती आत्ताच टाकते," ती म्हणाली.

साहेब खुर्चीत सावरून बसले. "भर दुपारी? चोवीस जणी फोनवर आहेत. रविवारी बघू."

"रविवारपर्यंत आणखी किती गाड्या चुकू द्यायच्या?"

रुग्णवाहिका पाठवणाऱ्या त्या केंद्रातले कॉम्प्युटर सांभाळायचं काम तिच्याकडे होतं. एकाच नावाच्या दोन गल्ल्या असल्या, की प्रोग्राम न विचारता जुनी गल्ली धरायचा आणि गाडी तिकडे पिटाळायचा. सकाळी एक गाडी अशीच शहराच्या भलत्या टोकाला जाऊन उभी राहिली होती. दुरुस्ती आता हाताशी आली होती. पण त्यासाठी सगळ्यांना उठवलं, तर फोन कोण घेणार?

"कुणालाच उठवत नाही. स्क्रीनवर काही दिसणारही नाही. मशीन बंद करायचं नाही, हे मी दुरुस्तीच्या प्रोग्राममध्येच लिहून ठेवलंय."

"आणि अडकलं तर?"

"तर मी आहे ना."

साहेब हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत.

तिने आधी स्वतःच्या लॅपटॉपवर करून पाहिलं, मग सगळीकडे सोडलं. एक फोन संपला की नकाशा मिटायचा आणि दुसरा यायच्या आत दुरुस्ती गुपचूप आत शिरायची. तिच्यासमोरच्या यादीत एकेक मशीन हिरवं होत गेलं. हॉलमध्ये बायका बोलत होत्या, टाइप करत होत्या. कुणाचा हात थांबला नाही.

तेवीस झाली. चोविसावं अडून बसलं.

ते मावशींचं. वयाने सगळ्यांत मोठ्या, म्हणून सगळ्यांच्याच मावशी. त्यांच्या फोनवर एक माणूस होता. त्याच्या आईला धाप लागली होती. "बागेमागची गल्ली," मावशींनी त्याचा पत्ता मोठ्याने म्हटला आणि टाइप केला. जुन्या प्रोग्रामने गाडी सोडलीसुद्धा.

त्या नावाच्या गल्ल्या दोन होत्या. इथून नकाशा जबरदस्तीने मिटवता आला असता, पण मग मावशींचा फोनही तुटला असता. तिने स्वतःच्या दुरुस्त लॅपटॉपवर तोच पत्ता टाकला, तो उचलून धावत गेली आणि मावशींच्या डोळ्यांसमोर धरला. त्यावर दोन गल्ल्यांचे दोन ठिपके होते. एकाशेजारी शाळा, दुसऱ्याशेजारी पाण्याची टाकी.

मावशींनी ठिपक्यांवरून नजर फिरवली. आवाज तसूभर हलला नाही. "दादा, घराजवळ शाळा आहे की पाण्याची टाकी?"

उत्तर ऐकता ऐकता त्यांनी दुसऱ्या फोनवर ड्रायव्हरला गाठलं. "गाडी वळव. टाकीकडे."

मग आईला उठवून बसवा, खिडकी उघडा, घाबरवू नका, असं चालू राहिलं. नऊ मिनिटं. ती लॅपटॉप धरून तशीच उभी. शेवटी मावशी म्हणाल्या, "आली ना गाडी? जा, दार उघडा," आणि फोन संपला.

नकाशा मिटला. चोविसावं मशीन हिरवं झालं.

"माझ्या मशीनला काय केलंस ग?"

"दुरुस्त केलं. आता गल्ल्या दोन असल्या तर ते स्वतःच विचारेल."

"कधी केलंस? मला तर काहीच दिसलं नाही."

"दिसू द्यायचंच नव्हतं, मावशी."

मावशी तिच्या हातांकडे बघत होत्या. लॅपटॉप अजून तिने तसाच धरलेला होता.

"ठेव तो खाली आधी," त्या म्हणाल्या, पायाने शेजारची खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि पुढचा फोन घेतला.