ठसा उमटेना

व्हिसाच्या नव्या कार्डाशिवाय तो मायदेशी गेला, तर इकडे परत येता येणार नव्हतं. आणि त्या कार्डासाठी त्याच्या बोटांचे ठसे मशीन काही केल्या घेईना. प्रयोगशाळेतल्या रसायनांनी कातडी गुळगुळीत झाली होती. काउंटरवरची बाई दर खेपेला म्हणायची, "क्रीम लावा, पुढच्या आठवड्यात या."

तिकडे दवाखान्यात खाटेला खिळलेल्या आईला हे सांगितलं, तर ती फोनवर हसली. "जन्मभर भांडी मी घासली, आणि रेषा तुझ्या पुसल्या होय रे?"

आज एकदाचा ठसा उमटला, कार्ड हातात पडलं. त्याने तिथूनच ताईला फोन लावला. "झालं गं काम. आजच निघतो."

 

"मंडळी जमलीत," ताई म्हणाली. "तुझ्यासाठी थांबायचं, की न्यायचं, विचारतायत."