असली डायलॉग

जाफराबादच्या जत्रेत बद्रीनाथने यंदा आपल्या तंबू टॉकीजमध्ये रिळाऐवजी डिजिटल मशीन लावलं आणि जुने ऑपरेटर पाशामियाँ यांना पब्लिकमध्ये बसवलं. "चाचा, आता आराम करा."

पाशामियाँ तोंड पाडून बसले. पिक्चर दर सालचाच, पण आज कसा लख्ख! ना खरखर, ना कुठं तुटणं. ते मनातून हरलेच. तेवढ्यात हीरोने व्हिलनची कॉलर धरून डायलॉग मारला आणि पुढच्या रांगेतल्या द्वारकाबाई ताडकन उठल्या.

"खोटा डायलॉग हाय! तो असं न्हाई म्हणत!"

मंग अख्खं पब्लिक बोंबलायला लागलं.

"अहो, ही कंपनीची असली कॉपी हाय!" बद्रीनाथ हात जोडून सांगत होता. कोण ऐकतं!

पाशामियाँची छाती फुगली. जुनं रीळ घासून त्या डायलॉगचा आवाज केव्हाच गेला होता. हीरोचे नुसते ओठ हलायचे. दर साली माइकवरून गरजायचे ते स्वतः पाशामियाँ!

ते उठले. "जाफराबाद के फाटे पे मिल, तेरी मस्ती उतारता!"

शिट्ट्यांनी तंबू हादरला.

बद्रीनाथ धावत आला. "चाचा, उद्यापासून तिथं मशीन मुकं करतो. माइक तुम्ही धरा."