कोमट पाणी

"हेही ओतून टाका," नर्सबाई म्हणाल्या.

बेकरीवाल्याने बादली दाणकन खाली ठेवली. सकाळपासून टब दुसऱ्यांदा भरला होता. बाळ आईच्या कुशीत टाहो फोडत होतं. नाळ काल गळून पडली होती, म्हणून आजपासून नुसतं पुसून न घेता टबात अंघोळ. पोटाला टाके असल्यामुळे बायकोला वाकायची बंदी होती. नर्सबाई रोज तासभर येत, त्या शिकवायला. अंघोळ घालून द्यायला नव्हे. म्हणजे घालायची त्यानेच.

दुसऱ्या कुणी घातलेली त्याला चालणारही नव्हती. दुसरं कुणी म्हणजे आबा, त्याचे वडील. ते दाराबाहेर स्टुलावर बसले होते. अंघोळीच्या वेळी आत पाऊल टाकायचं नाही, असं त्याने त्यांना बाळ घरी आलं त्याच दिवशी बजावलं होतं. बेकरीवाल्याच्या स्वतःच्या डाव्या पायावर कमरेपासून गुडघ्यापर्यंत भाजल्याचा जुना व्रण होता. तो महिन्याचा असताना आबांनी त्याला कढत पाण्यात बसवलं होतं. पाणी न बघताच, असं आई मरेपर्यंत सांगत होती. त्या व्रणापायी त्याला शाळेत अर्ध्या चड्डीची चोरी, नदीवर पोहायची चोरी. ते त्याने कधी माफ केलं नव्हतं.

"आता काय चुकलं?" त्याचा आवाज चढला. "पाणी चार बोटंच घेतलं. खिडकी लावली. टॉवेल हाताशी ठेवला. आधी गार ओतलं, मग गरम. सगळं तुम्ही म्हणाल तसं. अजून काय करू, टबापुढे लोटांगण घालू?"

"पाणी कढत आहे."

"कढत? अहो बाई, भट्टीच्या तोंडाशी हात धरून मी सांगतो पाव कधी आत सारायचे. मला पाणी कळत नाही?"

"ते पाव आहेत, हे लेकरू आहे," बायको पलंगावरून म्हणाली. "याला भाजून काढायचं नाहीये."

बाळाचा आवाज आणखी वर गेला. खाली बेकरीतून कुणीतरी तिसऱ्यांदा हाक मारली. बेकरीवाल्याने मनगटापर्यंत हात टबात खुपसला आणि तसाच ठेवला.

"हे बघा! हात आहे ना आत? कोमट आहे!"

नर्सबाईंनी त्याचा पंजा बाहेर काढून उलटा केला. तळव्याची कातडी जाड, पिवळट, बुटाच्या तळासारखी झाली होती.

"कोपर घाला."

"त्याने काय होणार?"

"घाला तर खरं."

त्यांचं तोंड एकदाचं बंद व्हावं म्हणून त्याने कोपर बुडवलं आणि झटक्यात वर घेतलं. पाणी बनियनवर उडालं. कोपराची कातडी लालबुंद झाली होती.

"तुम्हाला कोमट लागलं असणार, खरंच लागलं असणार," नर्सबाई म्हणाल्या. "रोज पावाचे गरम पत्रे उचलणाऱ्या हाताला दुसरं काय कळणार?"

त्याने आपलाच तळवा उलटा करून बघितला.

'मी हात घालून बघितलं होतं. कोमट होतं.' आबा हे आईला सांगत. शेजाऱ्यांना सांगत. तो विचारण्याइतका मोठा झाला तेव्हा त्यालाही सांगितलं होतं. कुणालाच ते पटलं नाही, तेव्हा त्यांनी सांगायचं सोडून दिलं. आणि तो जन्मला तेव्हा आबांची खालच्या त्याच भट्टीवर वीस वर्षं झाली होती.

त्याने टब रिकामा केला. न कुरकुरता तिसऱ्यांदा भरला. आधी गार, मग गरम. या वेळी त्याने हात पाण्यात घातलाच नाही. नर्सबाई बाही सावरून पुढे झाल्या.

"थांबा," तो म्हणाला. मग दाराकडे वळला. "आबा, आत या."

"मी कशाला? तू घाल की. मी काही बोललो का?"

"या हो. बाही वर करा आणि पाणी बघा. हात नको, कोपर घाला."

म्हातारा उंबऱ्यावर क्षणभर अडखळला. मग आत येऊन टबाशी उकिडवा बसला. त्याने कोपर बुडवलं आणि गरजेपेक्षा बराच वेळ पाण्यात ठेवलं.

"कोमट आहे," आबा म्हणाले. म्हणताना त्यांनी मुलाकडे बघितलं नाही.

नर्सबाई खात्री करायला वाकल्या. बेकरीवाल्याने मानेनेच नको म्हटलं. स्वतःचं कोपरही पुन्हा बुडवलं नाही. बाळाची मान तळहातावर तोलून धरली आणि आबांच्या शब्दावर त्याला पाण्यात टेकवलं.