दोन बोटांचा टाय

“उसव सगळे,” ताई म्हणाली.

टेलरने कात्री खाली ठेवली. टेबलावर दहा निळे टाय ओळीने पडले होते. सगळे दोन-दोन बोटांचे. तीन दिवसांची मेहनत. दुकानात आले तेव्हा चांगले चार बोटं रुंद होते, आणि जाडी तर विचारू नका, गळ्यात उशी बांधल्यासारखी. त्याने एकेकाची पाठ उसवली होती. आतलं लोकरी अस्तर काढून अर्ध्यावर आणलं होतं, दोन्ही बाजूंनी कापड कमी केलं होतं, नवी घडी बसवून पाठ परत हाताने शिवली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच दोरा, तोही दुहेरी. आणि आता या बाई म्हणतात, उसव.

बाई म्हणजे सख्खी थोरली बहीण. खरं तर तिने कौतुक करायला यायला हवं होतं. हे काम तिच्याच नवऱ्यामुळे आलेलं. भावोजी खोक्यांच्या कारखान्यात फोरमन होते. तिथे नवे साहेब आले आणि नियम निघाला, फोरमन लोकांनी मशीनवर पण टाय लावायचा. पाहुणे येतात, बरं दिसतं. भावोजी त्या जाड टायला वैतागले, म्हणून टेलरने मागच्या आठवड्यात त्यांचा बारीक करून दिला. साहेबांना तो एवढा आवडला की दुसऱ्याच दिवशी बाकीच्या दहा फोरमनचे टाय दुकानात हजर.

“खोट काय आहे ते तरी सांग,” टेलर म्हणाला.

“मजबूत आहेत. ओढला की तुटला पाहिजे. तसे करून दे.”

टेलरचं डोकं फिरलं. वीस वर्षं तो दुकान चालवत होता. बाही आखूड झाली म्हणून लोक भांडून गेले होते, कंबर सैल झाली म्हणून भांडले होते, कपडे वेळेवर मिळत नाहीत म्हणून तर रोजच भांडायचे. शिलाई मजबूत आहे म्हणून आजवर कोणी आलं नव्हतं. त्याने ते बोलून दाखवलं. वर हेही ऐकवलं की लहानपणापासून तिला त्याचं काही चांगलं झालेलं बघवत नाही. तुटणारंच हवं असेल तर कोपऱ्यावरच्याकडे जा, त्याचं पहिल्या धुण्यातच सुटतं, मुद्दाम सांगावं पण लागत नाही.

एरवी ताईने एकाचे चार करून परत दिले असते. आज ती सारखी दाराच्या काचेतून बाहेर बघत होती.

“हे बाहेर बसलेत,” ती शेवटी म्हणाली. “तुला सांगू नको म्हणालेत. मनाला लावून घेशील म्हणून.”

बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि भावोजी स्कूटरवर गळ्याला मफलर गुंडाळून बसले होते. टेलर त्यांना हाताला धरून आत घेऊन आला. थंडी वाजतेय का, म्हणून चिडवलं पण. भावोजी हसले नाहीत. त्यांनी मफलर सोडला.

गळ्याभोवती जांभळा पट्टा उमटला होता. टेलरला माप घ्यायची गरज पडली नाही. एक बोट. टायची गळ्यातली पट्टी त्याने तेवढीच ठेवली होती.

भावोजींचा आवाज घोगरा झाला होता. थांबत थांबत त्यांनी सांगितलं. काल दुपारी रोलरमध्ये कागद अडकला, म्हणून ते वाकले. रोलरच्या पुढे जाळी असते. जुना टाय जाड होता, जाळीला अडायचा. हा फटीतून सुळकन आत गेला. रोलरने धरला आणि खेचायला लागला. एक टाका हलला नाही. पलीकडच्या मशीनवरच्या बाईंनी लाल बटण दाबलं, तोवर कपाळ जाळीला टेकलं होतं.

“साहेब आले,” भावोजी म्हणाले. “आधी रोलर बघितला. चरा पडला नाही, नशीब म्हणाले. मग मला म्हणाले, परत कामावर याल तेव्हा दुसरा टाय लावून या.”

टेलर उठलाच. आत्ता कारखान्यात जातो म्हणाला, त्या साहेबाला त्याच्याच टायने मशीनला बांधतो आणि बटण मी दाबतो. ताईने खांदा दाबून त्याला खाली बसवलं. भावोजींनी बोलून पाहिलं होतं. नियम सगळ्यांना सारखा, असं साहेब म्हणाले होते. ज्याला जमत नाही त्याला गेट उघडं आहे. साहेबांच्या केबिनमध्ये फिरणारी वस्तू एकच, पंखा. फोरमन लोक सह्या गोळा करत होते, वरच्या ऑफिसात अर्ज जाणार होता. पण त्याला किती दिवस लागतील कोण जाणे. आणि उद्या सकाळी सातला अकरा जण टाय लावून मशीनवर उभे राहणार होते.

टेलरने टेबलावरचा पहिला टाय उचलला. मागे कॉलरखाली लपतो तिथे कात्री लावली आणि आडवा कापला. दोन्ही टोकं दुमडली. डब्यातलं सगळ्यात लहान टिचबटण शोधून तिथे लावलं. हाताने झटका दिला. बटण सुटलं.

ताईने सुस्कारा सोडला आणि पिशवी उघडून धरली. आता बाकीचे पण असेच कर म्हणाली.

टेलरने ऐकलं नाही. त्याने बटण परत लावलं, टाय स्वतःच्या गळ्यात घातला आणि गाठ पार वरपर्यंत सरकवली. टोक ताईच्या हातात दिलं.

“ओढ,” तो म्हणाला. “जीव खाऊन ओढ.”