एकच पद

आखातातल्या त्या छोट्या वकिलातीसाठी यंदाची तरतूद जेमतेम एका पगाराची होती. नऊ पदांपैकी कोणतं ठेवायचं, हे दिल्लीतलं कृत्रिम बुद्धीचं यंत्र ठरवणार होतं. यादी आली आणि वकिलातीच्या प्रमुख नीलांबरी खानविलकर चक्रावल्या. त्यांच्यासकट आठ जण रद्द. राहिले होते फक्त ड्रायव्हर दाऊद मुकादम.

"काहीतरी चुकलंय," त्या पडद्याकडे बघून म्हणाल्या.

"चुकलेलं नाही," यंत्र म्हणालं. "पासपोर्ट, व्हिसा, करार मी इथून सांभाळेन. पण गेल्या वर्षी एकेचाळीस मजुरांचे मृतदेह मायदेशी गेले. दर वेळी विमान उडेपर्यंत मुकादम शवपेटीपाशी उभे होते. ते मला जमणार नाही."

नीलांबरींनी दाऊदना बोलावलं. "तुम्हाला हे काम कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही, मॅडम. आपल्या माणसाला परक्या मुलखात एकटं कसं सोडायचं?" त्यांनी घड्याळ पाहिलं. "आज परभणीचा एक गवंडी आहे. निघू मी?"

नीलांबरींनी यादीवर सही केली. मग खाली येऊन, नेहमीची मागची सीट सोडून, त्या पुढे दाऊदच्या शेजारी जाऊन बसल्या.